डिंकीने गाइड बदलला

माझ्या नणंदेला घरात सगळे डिंकी म्हणतात. खरं नाव चांगलं भारदस्त आहे, पण ते फक्त बँकेत आणि युनिव्हर्सिटीत चालतं. डिंकी हे नाव तिच्या दादाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने ठेवलेलं. ते का ठेवलं, हे मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळलं. आम्ही घरचे सगळे सिनेमाला गेलो होतो. सिनेमा इतका भिकार, की मध्यंतरात अर्धं थिएटर रिकामं झालं. मग सासूबाई उठल्या, मग आम्ही नवे नवरा-बायको उठलो. डिंकी बसून राहिली. आम्ही बाहेर चहावर चहा पीत तिची वाट बघत होतो. सिनेमा संपल्यावर बाईसाहेब बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "शेवटही भिकारच होता." आणि हे सांगताना चेहरा असा, जणू पैसे वसूल झाले.

"चिकटली की सुटत नाही," नवरा मला म्हणाला. "डिंक आहे नुसता."

नंतर मला तिच्या या चिकटपणाची सवय झाली. चित्राचे तुकडे जोडायचं एक मोठं कोडं तिने आणलं, तर पहिल्याच दिवशी कळलं की डब्यात एका कोपऱ्याचे तुकडेच नाहीत. दुसरं कुणी असतं तर दुकानदाराच्या डोक्यावर डबा आपटून आलं असतं. हिने ते पुरं केलं, कोपऱ्यातल्या भोकासकट फ्रेम केलं आणि आमच्या बैठकीच्या खोलीत लावलं. पोहायच्या क्लासला तिच्याबरोबरचे सगळे पुढे गेले तरी ही एकाच कडेला पाय मारत राहिली आणि शेवटी शिकलीच. तिचा शिंपी प्रत्येक ड्रेसचा गळा बिघडवतो, तरी ती त्याच्याकडेच जाते. का, तर म्हणे, "त्याला आता माझं माप माहीत झालंय." मी कपाळाला हात लावला आणि तो विषय कायमचा सोडून दिला.

अशी मुलगी पीएचडीला लागली तेव्हा घरात कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. आश्चर्य वाटलं ते विषयाचं. ओली माती वाळते तेव्हा तिला भेगा पडतात. त्या कशा पडतात, कुठून सुरू होतात, कुठे वळतात, हा तिचा विषय. बाकीचे लोक आयुष्यभर भेगा बुजवतात, आणि ही बाई रोज सकाळी डबा घेऊन भेगा पाडायला जाणार! सासूबाईंना ते नातेवाइकांना सांगताना फार जड जायचं. त्या नुसतं "फिजिक्समध्ये आहे" म्हणायच्या आणि विषय बदलायच्या. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी मात्र तो धागा पकडला आणि एकदा सरळ विचारलं, "आमच्या न्हाणीघराच्या भिंतीला एक गेलीय, येऊन बघतेस का?" डिंकी खरंच गेली. तासाभराने फोटो काढून परत आली आणि म्हणाली, "सुंदर आहे." काकूंनी नंतर गवंडी बोलावला.

माझं चष्म्याचं दुकान युनिव्हर्सिटी आणि घर यांच्या मधल्या रस्त्यावर आहे. संध्याकाळी परतताना ती दुकानात डोकावते, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसते आणि एकेक फ्रेम नाकावर चढवत दिवसभराचं सांगते. तिच्या पीएचडीची सगळी कथा मी अशी, वेगवेगळ्या चष्म्यांतून बघणाऱ्या डिंकीकडून ऐकली आहे.

तिचे गाइड म्हणजे देवमाणूस. हे मी टोमणा मारून म्हणत नाही, निदान पूर्ण टोमणा मारून नाही. लॅबमधल्या खुर्च्या कडक आहेत म्हणून सरांनी स्वतः गाद्या आणून टाकल्या. ही तापाने पडली तर फळं घेऊन घरी आले आणि सासूबाईंशी दोन तास बागेतल्या कुंड्यांबद्दल बोलत बसले. सुट्टी मागितली की देणार. कधी आवाज चढवणार नाहीत. तिच्या बरोबरीच्या पोरांना आपापल्या गाइडच्या मुलांना शाळेतून आणावं लागायचं, कुणाला गाइडचे पेपर रातोरात टाइप करून द्यावे लागायचे. ती सगळी पोरं हिचा हेवा करायची. आणि हिच्या कामाबद्दल सरांचं मत एकच असायचं, "छान."

एक धडा लिहून दिला, छान. तोच धडा उलटापालटा करून दिला, तरी छान. एकदा तिने मुद्दाम एक आलेख उलटा छापून दिला. सरांनी त्याच्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "हाही छान आहे."

मला सरांचा अनुभव होता, कारण ते माझं गिऱ्हाईक. नंबर तपासताना आम्ही एक काच लावतो, मग दुसरी लावतो आणि विचारतो, पहिली बरी की दुसरी? एवढंच सांगायचं असतं. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "दोन्ही छान." मी म्हटलं, "सर, दोन्ही छान असून चालत नाही, एक निवडा." तर ते खुर्चीत संकोचून म्हणाले, "तुम्हाला जी योग्य वाटेल ती." अशा माणसाला चष्मा द्यायचा कसा? मी आपली यंत्राने दाखवला तो नंबर धरला आणि चष्मा दिला. महिन्याभराने रस्त्यात भेटले, चष्मा कपाळावर. मी विचारलं, "बरोबर दिसतंय ना?" "छान दिसतंय," म्हणाले आणि चष्मा न लावताच रस्ता ओलांडून गेले.

तेव्हाच मी डिंकीला म्हटलं होतं, "तुझ्या सरांना दोन काचांमधला फरक कळत नाही. ते तुला काय शिकवणार?" ती तोंडावर एक मोठी गोल फ्रेम लावून म्हणाली, "वहिनी, माणूस चांगला आहे." मी म्हटलं, "चांगला आहे, हे कोण नाही म्हणतंय?"

तिसऱ्या वर्षात ती एका परिषदेला गेली. तिथे पहिल्यांदाच मोठ्या सभागृहात तिने आपलं काम मांडलं. मांडून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उठून साधा प्रश्न विचारला, "हे असंच का होतं, उलटं का नाही?" डिंकीला उत्तर देता आलं नाही. आठवलं नाही असं नव्हे, तिने तसा विचारच कधी केला नव्हता.

परत आली ती सरळ दुकानात. त्या दिवशी एकही फ्रेम तिने नाकावर चढवली नाही.

"मला आजवर कुणी प्रश्नच विचारला नाहीये, वहिनी," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. मी काम करते, सर छान म्हणतात, मी पुढचं करते. त्या बाईंनी जे विचारलं ते खरं तर पहिल्याच महिन्यात कुणीतरी विचारायला हवं होतं."

"मग सोड की त्यांना," मी म्हटलं. "गाइड बदलता येतो ना?"

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी तिला आईला टाकून ये म्हणून सांगत होते. "येतो," ती म्हणाली. "एक वर्ष जातं. आणि सरांना काय सांगू?"

तिच्या डिपार्टमेंटमध्ये तळमजल्यावर एक मॅडम होत्या. भिंतीला, लाकडाला रंगाचे थर देतात ते कसे तडकतात, यावर त्यांच्या ग्रुपचं काम. पोरं त्यांना पाठीमागे 'एक्स-रे' म्हणायची. त्यांच्याकडून बाहेर पडलेला प्रत्येकजण म्हणायचा की पहिलं वर्ष रडून काढलं, आणि तरीही एकही मध्येच सोडून गेलेला नव्हता. डिंकीने मॅडमना विचारलं, "मी एकदा तुमच्या गुरुवारच्या बैठकीला बसू का?" मॅडम म्हणाल्या, "बसा. पण नुसतं बसायला येऊ नका, काम घेऊन या. आणि सरांना सांगून या, माझ्याकडे चोरून कुणी येत नाही."

डिंकीने सरांना सांगितलं की मी मॅडमच्या बैठकीला जाणार आहे. सर म्हणाले, "छान."

या गुरुवारच्या बैठकीची एक रीत होती. आपलं काम आपण मांडायचं नाही. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी ते मांडायचं, आणि ज्याचं काम आहे त्याने तोंडाला कुलूप लावून कोपऱ्यात बसायचं. समोरचा चुकला तरी बोलायचं नाही. कुणी चुकीचा प्रश्न विचारला तरी बोलायचं नाही. सगळं संपल्यावर मॅडम म्हणतील "आता बोला", तेव्हाच बोलायचं. डिंकीचं काम मांडायला मॅडमनी एक उंचच उंच पोरगा नेमला, त्याला सगळे बांबू म्हणायचे. त्याने दोन दिवस तिच्याशी बोलून तिचे फोटो, आकडे, मजकूर सगळं घेतलं.

त्याआधी तिचं काम काय होतं ते सांगायला हवं. लॅबच्या एका टोकाला, नळापाशी, ती पांढरी माती पाण्यात कालवायची आणि लांबट ट्रेमध्ये ओतायची. मग ते ट्रे लांबच लांब व्हरांड्यातून दुसऱ्या टोकाच्या खोलीत न्यायची, जिथे ते सावकाश वाळायचे. वाळल्यावर मातीला जाळीसारख्या भेगा पडायच्या, चारी दिशांना सारख्या. सरांचं कॉम्प्युटरवरचं गणितही तेच सांगायचं, जाळी. पण अधूनमधून काही ट्रे बिघडायचे. त्यांना जाळी पडायची नाही. सगळ्या भेगा ट्रेच्या लांबीच्या दिशेने, शेजारी शेजारी, वहीच्या रेघांसारख्या सरळ जायच्या. पहिल्या वर्षी तिने ते सरांना दाखवले होते. सर म्हणाले होते, "हे वगळा." तेव्हापासून ती ते वगळत आली. पण आमची डिंकी ती डिंकीच. वगळायचे ठरलेले ट्रेसुद्धा तिने पूर्ण वाळू दिले, प्रत्येकाचे नीट फोटो काढले आणि जपून ठेवले.

गुरुवारी बांबू उभा राहिला आणि त्याने पडद्यावर पहिलाच फोटो लावला तो त्या बिघडलेल्या ट्रेचा. मग दुसरा बिघडलेला, मग तिसरा. एकामागून एक सगळे वगळलेले ट्रे. म्हणाला, "हा या कामाचा गाभा आहे."

"वहिनी, माझ्या अंगाचा तिळपापड झाला," डिंकी मला सांगत होती. दुकानात एक गिऱ्हाईक ताटकळत बसलं होतं आणि ही हातवारे करत होती. "मला वाटलं, उठावं आणि सांगावं, बाबा रे, हा कचरा आहे, चांगले फोटो दुसऱ्या फोल्डरमध्ये आहेत! पण बोलायचं नाही. नियम म्हणजे नियम. मी आपली खुर्चीचा दांडा धरून बसले."

बांबूची चूक झाली होती, पण ती मूर्खपणाची नव्हती. त्याला नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, "ज्या ट्रेचे इतके नीट फोटो कुणी ठेवलेत, ते फुकटचे असतील असं मला वाटलंच नाही." डिंकीसारख्या माणसाबद्दल त्याला काय कल्पना! ती फाटलेल्या तिकिटांचेही नीट फोटो ठेवेल.

मग खोलीत प्रश्न सुरू झाले. या ट्रेमध्ये रेघा का आल्या? कुणी म्हणालं, खिडकीतून वारा येत असेल. कुणी म्हणालं, टेबल कललेलं असेल. कुणी म्हणालं, माती जुनी असेल. डिंकी कोपऱ्यात बसून प्रत्येकाला मनातल्या मनात उत्तर देत होती. खिडकी बंद असते. टेबल सपाट आहे, मी पाणसळ लावून बघितलंय. माती एकाच पोत्यातली आहे. बोलायची परवानगी असती तर तिने ही सगळी उत्तरं फटाफट दिली असती आणि मान ताठ करून घरी आली असती. पण बोलता येत नव्हतं, म्हणून ती विचार करत राहिली. मग काय वेगळं होतं त्या दिवसांत? काय वेगळं होतं? आणि तिला आपले दुखणारे हात आठवले.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "आता बोला."

डिंकी म्हणाली, "त्या त्या दिवशी मी ट्रे हातात नेले होते."

ट्रे न्यायला एक ढकलगाडी होती. बहुतेक वेळा ती त्या गाडीवरूनच ट्रे न्यायची, हळूहळू, गुळगुळीत फरशीवरून. पण वरच्या मजल्यावर कार्यक्रम असला की खुर्च्या वाहायला ती गाडी जायची. मग ही एकेक ट्रे दोन्ही टोकांना धरून, पोटाशी आडवा घेऊन, व्हरांडाभर चालत न्यायची. चालताना माती पुढे-मागे हिंदकळायची. आणि वाळल्यावर भेगा त्या हिंदकळण्याला बरोबर काटकोनात पडायच्या. माती वाळायला दोन दिवस लागायचे, पण त्या दोन मिनिटांच्या चालण्याचा ठसा तिच्यात राहायचा.

खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक मुलगी म्हणाली, "ओली माती हलवल्याची आठवण ठेवते हे माहीत आहे, यावर काम झालंय." दुसरा म्हणाला, "पण ती किती वेळ ठेवते? कुठपर्यंत पुसता येते?" तिसऱ्याने दुसऱ्याला खोडून काढलं. ते सगळे तिच्या मातीवरून तासभर भांडले. डिंकी म्हणाली, इतकं सुख तिला कधी झालं नव्हतं.

बैठक संपल्यावर मॅडम एवढंच म्हणाल्या, "जागा आहे. आधीचं काम धरलं जाणार नाही, पहिल्या ट्रेपासून सुरुवात. सरांशी बोला आणि काय ते ठरवा."

माझ्या मते ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तिला तिथल्या तिथे म्हटलं, "उद्या जा, सांग आणि मोकळी हो." ती गेली. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम आहे. ती दुकान बंद व्हायच्या वेळेला आली, तोंड उतरलेलं.

सरांनी नेहमीसारखा स्वतः चहा केला. तिने सगळं सांगितलं, बैठक, बांबू, हातात नेलेले ट्रे. आणि म्हणाली, "सर, मी मॅडमकडे जायचा विचार करतेय."

सर म्हणाले, "छान."

"छान काय सर?" ती म्हणाली. "मी तुम्हाला सोडून जायचं म्हणतेय!"

सरांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "ते ट्रे तुम्ही पहिल्या वर्षी दाखवलेत ना, तेव्हाच मला कळलं होतं की ते बिघडलेले नाहीत. माझ्या गणितात दिशा नाही. ते ट्रे खरे मानले, तर ते सगळं गणित पुन्हा मांडावं लागलं असतं. माझ्यात ती ताकद नव्हती. म्हणून वगळा म्हणालो."

म्हणजे माणसाला दोन काचांमधला फरक दिसत होता, आणि चांगला दिसत होता. मी मनातल्या मनात कान पकडले.

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" डिंकीचा आवाज चढला. आयुष्यात पहिल्यांदा ती सरांवर ओरडली आणि ओरडताना तिला रडू फुटलं.

"तुम्ही इतक्या आनंदाने काम करत होता," सर म्हणाले. मग म्हणाले, "जाऊ नका. इथेच राहा आणि तेच काम करा. माझ्या गणिताच्या विरुद्ध गेलं तरी चालेल. मी आड येणार नाही. तुमचं वर्षही जाणार नाही."

 आता गोष्ट सोपी राहिली नव्हती. इथे राहिली तर तेच काम, तीच लॅब, गाद्यांच्या खुर्च्या, वर्ष वाचतं आणि एका भल्या माणसाचं मन मोडत नाही. तिकडे गेली तर पहिल्या ट्रेपासून सुरुवात आणि एक्स-रे मॅडम. तोवर "सोड, सोड" म्हणून तिच्या मागे लागलेली मी त्या संध्याकाळी तिला म्हटलं, "थांब हं, घाई नको करूस."

पुढचा आठवडाभर घरात दुसरा विषय नव्हता. सासूबाईंचं मत पक्कं होतं, इतका प्रेमळ माणूस सोडायचा म्हणजे कृतघ्नपणा. माझ्या नवऱ्याने हिशेबी माणसासारखं बाजू मांडून बघितल्या आणि त्यालाही सरांचंच पारडं जड वाटलं. डिंकी सगळ्यांचं ऐकून घ्यायची, मान हलवायची, आणि जेवण झालं की खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. आम्हाला वाटलं, राहणार. तिचा सगळा इतिहास तेच सांगत होता. ती भिकार सिनेमातून उठली नव्हती, ती या भल्या माणसाकडून काय उठणार?

एका सकाळी ती आवरून चहाला आली. केस नीट विंचरलेले, तोंडावर आठवडाभरात न दिसलेली तुकतुकी. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "मी मॅडमकडे जातेय."

"अगं, पण ते आड येणार नाही म्हणालेत ना?" सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर, आई," डिंकी म्हणाली. "मला कुणीतरी आड यायला हवंय."

 नवरा म्हणाला, "मग लग्न कर." तिने त्याच्या पाठीत एक गुद्दा घातला आणि बिस्किटाचा पुडा स्वतःकडे ओढला.

"आणि सरांना काय वाटेल?" सासूबाईंनी शेवटचं अस्त्र काढलं.

"वाईट वाटेल," ती म्हणाली. "खूप वाईट वाटेल. मलाही वाटतंय. रात्री उशीत डोकं खुपसून रडलेय मी, तुम्हाला ऐकू गेलं असेल. पण सर आहेत म्हणून मी तिथे राहिले, तर ते मला कधीच काही विचारणार नाहीत, आणि मी त्यांना कधी माफ करणार नाही. त्यापेक्षा हे बरं."

एवढं बोलून तिने चहात बिस्किट बुडवलं. ते तुटून पडलं, तर चमच्याने शोधून काढून खाल्लं. मी तिच्याकडे बघत होते आणि मला तिचा अभिमान वाटला. तोंडावर बोलले नाही, कारण आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. पण वाटला.

गाइड बदलायच्या अर्जावर सरांनी सही केली. म्हणाले काहीच नाही, अगदी नेहमीचा शब्दही नाही. ती निघाली तेव्हा त्यांनी तिच्या खुर्चीवरची गादी काढून तिच्या हातात दिली. तळमजल्यावरच्या खुर्च्या लाकडी आहेत, म्हणाले.

मॅडमकडचा पहिला महिना कठीण गेला. तिचं लिहिलेलं पान परत यायचं तेव्हा मूळ मजकूर शोधावा लागायचा. पण ती रडली वगैरे नाही. उलट रोज दुकानात येऊन, मॅडमनी आज काय काय खोडलं हे चवीने सांगायची. वजनही वाढलं असावं.

महिन्याच्या शेवटी गुरुवारच्या बैठकीत मॅडम तिला म्हणाल्या, "तुमचं म्हणणं खरं असेल, तर आधी सांगून दाखवा." म्हणजे सगळ्यांसमोर ट्रे न्यायचा आणि भेगा कशा पडतील ते माती ओली असतानाच सांगायचं. डिंकीने माती कालवली, ट्रे भरला, आणि तो नेहमीसारखा आडवा न धरता लांबीत धरला, एक टोक पोटाशी, एक टोक पुढे. म्हणजे चालताना माती ट्रेच्या लांबीत हिंदकळणार. अख्खा ग्रुप व्हरांड्याच्या भिंतीला चिकटून उभा. ही मधून आपली सैनिकासारखी पावलं टाकत गेली. ट्रे ठेवला, हात पुसले आणि म्हणाली, "आडव्या. सगळ्या रुंदीच्या दिशेने."

मॅडम म्हणाल्या, "आणि नाही पडल्या तर?"

"पडतील," डिंकी म्हणाली.

वाळायला दोन दिवस. त्या दोन दिवसांत मी येता-जाता तिला ट्रेबद्दल विचारत होते, नवऱ्याने मला दोनदा विचारलं की तुझा ट्रे आहे का? डिंकी मात्र व्यवस्थित जेवत होती, गाढ झोपत होती. सासूबाई म्हणाल्या, "पोरीला काही चिंता कशी ती नाहीच."

शनिवारी दुपारी ती दुकानात आली. मी एका बाईंना काचा लावून वाचायला सांगत होते. डिंकी धाडकन दार ढकलून आत आली आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. ट्रेमध्ये आडव्या भेगा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, सरळ रेघा. एकही जाळी नाही.

"मला पहिला दाखवलास ना?" मी विचारलं. मला वाटलं, एवढा हक्क आहे आपला.

"नाही. सरांना पाठवला."

"सरांना! मग? छान म्हणाले असतील."

तिने मान हलवली. ती स्टुलावर बसली. "लगेच फोन आला त्यांचा," ती म्हणाली. "म्हणाले, एका ट्रेवरून काय सिद्ध होतं? ट्रेच वाकडा असेल. न चालता नुसता हलवून बघा, गोल फिरवून बघा, मग हलवून एक दिवस तसाच ठेवा आणि पुन्हा उलटा हलवून बघा. आणि म्हणाले, मला हे अजून पटलेलं नाही."

मी हातातली काच खाली ठेवली.

"पटलेलं नाही म्हणाले, वहिनी," डिंकी म्हणाली. "मला म्हणाले. सर." आणि माझ्या काउंटरवर डोकं ठेवून ती हुंदके देऊन रडायला लागली. खुर्चीतल्या बाईंना वाटलं, बिचारीचा नंबर फारच वाढलेला निघाला असणार. त्यांनी पर्समधून रुमाल काढून तिच्या हातात दिला, आणि मी त्यांना काही सांगत बसले नाही.